सार्वजनिक रस्ता आणि खासगी रानांतील प्रवेश : सातारा-सांगलीकडील कागदांवरून कांहीं विचार

जुनीं खरेदीखतें व मिरासपत्रें संग्रहीं ठेवणाऱ्यांची दृष्टि प्रथम शिक्क्याकडे जाते, नंतर सनाकडे व नंतर साक्षीदारांच्या नांगर-कट्यारीच्या निशाण्यांकडे. चतुःसीमेच्या ओळी बहुधा कोणी वाचीत नाहीं. पूर्वेस अमक्याचें रान, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, एवढें पाहून कागद पुन्हां घडी करून ठेविला जातो. प्रस्तुत लेखांत ह्या दुर्लक्षित ओळींपैकीं वाटेच्या ओळीचा विचार कर्तव्य आहे. सरकारास रस्ता करावयाचा, रुंद करावयाचा किंवा दुरुस्त करावयाचा असला म्हणजे खासगी जमिनींत पाऊल टाकावें लागतें. तें पाऊल कोणत्या अधिकारानें पडतें, आणि जमिनीच्या धन्यास त्या वेळीं काय मागतां येतें, हा प्रश्न वकिलांचा खरा. परंतु त्याचें उत्तर पुष्कळदां आपल्यासारख्यांच्या दप्तरांत पडलेलें असतें.

कांहीं वर्षांपूर्वीं कुंडल-पलूस भागांतील एक गृहस्थ दोन रुमाल घेऊन आमच्याकडे आले. त्यांना इतिहास नको होता. रानाच्या कडेचा रस्ता रुंद होणार होता, मोजणीदार खुणा घालून गेले होते, आणि रस्त्याखालचा पट्टा आपला कीं सरकारचा, एवढेंच त्यांस पाहिजे होतें. घरांत दोन पिढ्या अशी समजूत चालत आलेली कीं, आजोबांनीं तो पट्टा सरकारास देऊन पैसे घेतले. पुरावा म्हणून एक पिंवळी पडलेली मोडी पावती होती. आम्हीं ती वाचली, तेव्हां तींत जमिनीच्या किंमतीचा शब्दहि नव्हता. दोन हंगामांच्या पिकाचें नुकसान व मुरूम काढल्याबद्दलचा मोबदला, इतकेंच तींत होतें. म्हणजे आजोबांनीं जमीन विकली नव्हती. तींत कांहीं काळ येऊं दिलें होतें. ह्या दोन गोष्टींतील अंतर हाच ह्या लेखाचा विषय होय.

सार्वजनिक कामासाठीं परक्याच्या जमिनींत जाण्याचे वस्तुतः तीन प्रकार आहेत. पहिला, पाहणीसाठीं व मोजणीसाठीं प्रवेश. दुसरा, कामापुरता ताबा. रस्त्यासाठीं माती-मुरूम काढणें, खडी टाकणें, वळणवाट काढणें हें सर्व ह्यांत येतें. तिसरा, कायमचें संपादन. पहिल्या दोहोंत मालकी जशीच्या तशी राहते, तिसऱ्यांत ती जाते. कायद्यानें ह्या तिहींस निरनिराळीं कलमें दिलीं, निरनिराळ्या नोटिसा दिल्या व निरनिराळा मोबदला दिला. गांवकऱ्यांनीं मात्र तिहींस मिळून "जमीन रस्त्यांत गेली" असें एकच नांव दिलें, आणि दप्तरें लावणाऱ्यांनींहि तेंच नांव रुमालावर चढविलें.

इंग्रजी अंमलापूर्वीं आपल्याकडे ह्या बाबतींत कायद्याचें पुस्तक नव्हतें, म्हणून धन्याचा हक्कहि नव्हता, असें कोणी मानील तर तें चूक होईल. इनामपत्रांतील ठराविक शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप ह्यांसह गांव किंवा जमीन इनाम दिली जाते, पण त्याच वाक्याच्या शेवटीं "खेरीज हक्कदार व इनामदार करून" असा अपवाद असतो. अपवादाचे हे शब्द आमच्या मतें त्या पत्रांतील सर्वांत मोलाचे होत. राजा जें देतो तें आपल्या हिश्श्याचें देतो. अगोदरच्या हक्कदाराचा हक्क त्या देणगीनें बुडत नाहीं, असा त्यांचा अर्थ आहे. गांव इनाम झाला तरी मिरासदार आपल्या थळावर राहिला. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांतहि ही गोष्ट स्पष्ट आहे. मिरासदार सारा देत आहे तोंवर त्यास काढतां येत नाहीं, त्याची जमीन वंशपरंपरेची व विक्रीयोग्य आहे, आणि सारा थकून जमीन सुटली तरी निदान ३० वर्षेंपर्यंत देणें चुकवून ती परत मागण्याचा त्यास अधिकार आहे, असें तो लिहितो. एवढा हक्क ज्या जमिनीस चिकटलेला, ती सहज रस्त्यांत घालतां येणारी नव्हती.

राज्याच्या गरजेपुढें खासगी वस्तूचें काय करावें, ह्याचा स्पष्ट विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आढळतो. इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्यांत आरमारासाठीं लांकूड कोठून आणावें हें सांगतांना पंत आंबा-फणसाच्या झाडांपाशीं थांबतात. तें लांकूडहि कामाचें आहे, हें ते नाकारीत नाहींत. परंतु तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, म्हणून त्यांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बलात्कार सर्वथा करूं नये, असा त्यांचा आशय आहे. गरज, संमति व किंमत ह्या तिन्ही गोष्टी येथें एकत्र आहेत. आजच्या भूसंपादनाच्या कायद्यांत गरज व किंमत आहेत. संमति कांहीं थोड्या प्रसंगींच लागते. रस्त्यासारख्या सरकारी कामास ती लागत नाहीं. ह्या एका बाबतींत अमात्य पुढें होते असें म्हणावयास हरकत नाहीं, मात्र तो उपदेश होता, अंमलांत कितपत आला हें निराळें.

ह्याच ग्रंथांत किल्ल्याच्या वाटा सुगम नसाव्या असेंहि सांगितलें आहे. वाट ही त्या काळीं निव्वळ सोय नव्हती. शत्रूहि तिनेंच येतो. मालाची ने-आण बव्हंशीं वंजाऱ्यांच्या व लमाणांच्या बैलांवरून होई, त्यामुळें रुंद बांधीव रस्त्याची निकड नव्हती, आणि रस्ते बांधण्याचें स्वतंत्र खातें तर नव्हतेंच. वाट पायांनीं पडे व वहिवाटीनें टिके. म्हणून जुन्या कागदांत वाट सीमा म्हणून येते, क्षेत्र म्हणून येत नाहीं. बिघे आणि पांड मोजतांना तिचा हिशेब वेगळा धरलेला आम्हांस क्वचितच दिसला आहे. शिवेचा तंटा पडला म्हणजे गोत जमे, महारानें शीव चालून दाखवावी, महजर व्हावा. पण वाट किती हात रुंद हें त्या महजरांत शोधूं गेल्यास हातीं बहुधा कांहीं लागत नाहीं. आजच्या वादांत हीच उणीव अडचणीची होते.

बांधीव रस्त्याचा काळ साताऱ्यास छत्रपति प्रतापसिंह महाराजांच्या कारकीर्दींत सुरू झाला. रेसिडेंट ब्रिग्ज ह्यांच्या आग्रहावरून १८२६ च्या सुमारास महाराजांनीं साताऱ्याहून महाबळेश्वराकडे गाडीरस्ता करविला. पुढें १८२९ सालीं महाबळेश्वरची जागा कंपनीस देऊन तिच्या बदल्यांत वाईकडील खंडाळा गांव महाराजांनीं घेतला. अभ्यासकांनीं येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. गांवाबद्दल गांव हा दोन सत्तांमधील मोबदला आहे, तो अंमलाचा व महसुलाचा. ज्या कुणब्याच्या रानावरून गाडीरस्ता गेला त्याचें त्या मोबदल्यानें कांहीं फिटत नाहीं. पुण्याच्या पुराभिलेखागारांत सातारा महाराजांचें दप्तर आहे. त्यांतील गांवचे ताळेबंद व सुटीचे कागद ह्या दृष्टीनें कोणी पाहील तर बरें होईल. रस्त्याखालीं गेलेल्या जमिनीचा धारा कमी करून मिळाला असल्यास तो तेथें सुटीच्या रकमेंत दिसावा.

१८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झालें आणि त्यानंतर इंग्रजी कायदा तेथें चालूं लागला. १८५७ चा सहावा कायदा, १८७० चा दहावा कायदा आणि १८९४ चा पहिला कायदा हे जमीन-संपादनाचे एकामागून एक आलेले कायदे होत. १८५७ च्या कायद्यांत किंमतीचा वाद पंचांकडे जाई. १८७० मध्यें तो न्यायाधीश व असेसर ह्यांच्याकडे आला. १८९४ च्या कायद्यानें कलेक्टरनें निवाडा करावा व तो मान्य नसणारानें कलम १८ अन्वयें कोर्टाकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करावी अशी रीत घातली. हाच तिसरा कायदा २०१३ अखेरपर्यंत चालला, त्यामुळें ह्या भागांतील बहुतेक कागद त्याच्याच सांच्यांतले आहेत.

त्या कायद्यांतील कलम ४ पाहणीच्या प्रवेशाचें. अधिसूचना निघाल्यावर अधिकाऱ्यानें जमिनींत जावें, मोजावें, भोंक पाडून पाहावें, खुणा घालाव्या. परंतु घरांत किंवा घराला लागून असलेल्या कुंपणाच्या आवारांत व बागेंत राहणाराच्या संमतीवांचून जावयाचें असल्यास सात दिवसांची लेखी नोटीस द्यावी. ह्या प्रवेशांत झालेलें नुकसान त्याच वेळीं द्यावें, असें कलम ५ सांगे. कलम ३५ व ३६ कामापुरत्या ताब्याचीं. पडीत किंवा पिकाऊ जमीनच घेतां येई, तीहि तीन वर्षांहून अधिक नाहीं. मोबदला एकरकमी किंवा मासिक. मुदत संपल्यावर जमीन होती तशी करून द्यावी, आणि ती कायमची निकामी झाली असेल तर धन्याच्या मागणीवरून सरकारनें ती विकत घेतली पाहिजे. रस्त्यांच्या कडेला जे जुने खड्डे दिसतात त्यांपैकीं जे खासगी रानांत आहेत, त्यांची जात ह्या कलमांवरून ठरते. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांची पावती ह्याच जातीची होती.

कायमच्या संपादनांत बाजारभावाखेरीज उभें पीक व झाडें, उरलेल्या जमिनीचा तुकडा पडल्यामुळें झालेली हानि, राहतें ठिकाण सोडावें लागल्याचा खर्च, हे सारे स्वतंत्र बाबतींत मोजावयाचे असत, आणि सक्तीनें घेतलें म्हणून शेंकडा १५ अधिक. १९८४ च्या दुरुस्तीनें हा आंकडा शेंकडा ३० झाला. संग्राहकांनीं एक बारीक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कलम ३१ प्रमाणें जो रक्कम तक्रार नोंदवून घेई त्यालाच पुढें कोर्टाकडे जातां येई. मुकाट्यानें घेणाराचा तो मार्ग बंद होई. म्हणून जुन्या निवाड्याच्या पावतीवर "तक्रार राखून" अशा अर्थाचे दोन-तीन शब्द आहेत कीं नाहींत, ह्यावर एका घराण्याचा सारा दावा अवलंबून असे. बहुधा ते शब्द कडेला, सहीच्या बाजूस, घाईनें लिहिलेले असतात. नकला करणारे नेमके तेच वगळतात.

आतां सांगलीकडील वैशिष्ट्याकडे वळूं. वरील कायदे ब्रिटिश हिंदुस्थानचे. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण हीं संस्थानें त्या कायद्याखालीं आपोआप येत नव्हतीं; तेथें दरबारचा हुकूम चाले किंवा दरबारनें इंग्रजी कायदा आपलासा करून घेतलेला असे. त्यांत गांवांची गुंतागुंत अशी कीं, औंधाचीं आटपाडी व कुंडल हीं ठिकाणें औंधापासून दूर, इंग्रजी सातारा जिल्ह्याच्या गांवांत मिसळलेलीं. एकच रस्ता दोन कोसांत दोनदां हद्द ओलांडी, आणि प्रत्येक ओलांडणीस शेतवाल्याचा हक्क, नोटिशीचा नमुना, कागदावरचा स्टँप, सर्वच बदले. १९४८ मध्यें संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १९४९ सालीं वाळवें, शिराळें, तासगांव, खानापूर हे सातारचे तालुके व संस्थानी मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० सालीं त्याचें नांव सांगली पडलें. म्हणून आजच्या सांगली जिल्ह्यांतील एखाद्या रस्त्याचा पूर्ववृत्तांत पाहावयाचा असेल तर प्रथम तो गांव १९४८ पूर्वीं कोणाचा, हें विचारावें लागतें. तें न विचारतां निवाडा शोधूं लागणें म्हणजे भलत्याच रुमालाची गांठ सोडणें होय.

रुंदीचा प्रश्न इंग्रजी मोजणीनें प्रथमच अंकांत आणला. गांवच्या नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनें व पायमार्ग एकेरी तुटक रेषेनें दाखविलेला असतो. पहिल्याची रुंदी सामान्यतः १६॥ ते २१ फूट, दुसऱ्याची ८। फूट धरतात. सर्व्हे नंबरांतून जाणाऱ्या अशा वाटेचें क्षेत्र पोटखराब 'ब' म्हणून वगळून त्यावर आकार बसवीत नाहींत. आकार वगळला म्हणजे मालकी गेली, असें पुष्कळ तलाठी व कांहीं वकीलहि म्हणतात. आमच्या मतें तें बरोबर नाहीं. आकार वगळण्यानें लोकांची वहिवाट मान्य झाली. जमीन सरकारनें विकत घेतली असें त्यानें सिद्ध होत नाहीं. १८७९ च्या जमीन-महसूल कायद्याच्या कलम ३७ नें सार्वजनिक रस्ते सरकारचे ठरविले हें खरें, आणि १९६६ च्या महाराष्ट्र कायद्याच्या कलम २० मध्यें तीच व्यवस्था आहे. पण दोन्ही ठिकाणीं दुसऱ्या कोणाची मालकी नसलेल्याच वस्तु सरकारच्या, असा अपवाद शब्दांत आहे. "खेरीज हक्कदार" हाच जुना अपवाद इंग्रजी पोषाखांत येथें पुन्हां उभा आहे असें आम्हांस वाटतें.

हिशेब करून पाहावा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. साडेसोळा फुटी गाडीवाट ६६ फूट गेली कीं एक गुंठा होतो. रानाची कड ६६० फूट असेल तर वाटेखालीं १० गुंठे. हाच रस्ता ३३ फूट रुंद केला कीं २० गुंठे, म्हणजे अर्धा एकर. पहिले १० गुंठे वहिवाटीचे म्हणून वादाचे. पुढील १० विषयीं वाद असूं नये, ते घेतल्याशिवाय सरकारचे होत नाहींत. तथापि रस्ता जुना, म्हणून रुंदीहि जुनीच, असें गृहीत धरून काम सुरू होतें, आणि धन्याजवळ नकाशा नसतो. बागाइती मुलखांत, उसाच्या कांठावर, अर्धा एकर ही लहान गोष्ट नव्हे.

ह्यांत भर एकत्रीकरणाची. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वयें गांवोगांव सर्व्हे नंबर मोडून गट पडले. पूर्वीं रस्त्यांत जमीन खरोखर गेली असेल तर तिची वजावट कमी-जास्त पत्रकानें सर्व्हे नंबराच्या क्षेत्रांतून झालेली असते. पण ती वजावट गटाच्या उताऱ्यांत उतरली कीं नाहीं, हें गटागटावर अवलंबून आहे. कोठें गेलेली जमीन कागदोपत्रीं पुन्हां जिवंत झाली, कोठें न गेलेली गेली. अशा ठिकाणीं नुसता आजचा सात-बारा पाहून निर्णय करणें धाडसाचें आहे. मूळ टिपण, आकारबंद, कमी-जास्त पत्रक, एकत्रीकरणाचा जबाब व गांवनकाशा हे पांचहि कागद शेजारीं मांडल्याशिवाय आम्ही तरी मत देत नाहीं.

आजच्या स्थितीविषयीं थोडक्यांत. मालमत्तेचा हक्क घटनेंत मूलभूत हक्क होता; ४४ व्या दुरुस्तीनें १९७९ पासून तो मूलभूत राहिला नाहीं, पण कायद्याच्या अधिकारावांचून कोणाची मालमत्ता काढून घेतां येणार नाहीं, असें अनुच्छेद ३००-अ सांगतो. भूमिसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत करतांना वाजवी भरपाई मिळण्याचा व पारदर्शकतेचा हक्क अधिनियम, २०१३ हा १ जानेवारी २०१४ पासून अंमलांत आला. त्यांतील कलम १२ जुन्या कलम ४ चेंच वारस आहे, पण त्यांत धन्याच्या बाजूनें मोठी भर पडली. धनी किंवा त्याचा मुखत्यार हजर असल्याखेरीज मोजणी करावयाची नाहीं. त्याच्या गैरहजेरींत करावयाची तर निदान ६० दिवस अगोदर नोटीस देऊन हजर राहण्याची संधि दिलेली असली पाहिजे. घराच्या आवाराबद्दलचे सात दिवस कायम आहेत. नुकसान प्रवेशाच्या वेळींच द्यावयाचें, तेंहि कायम. कामापुरता ताबा कलम ८१ मध्यें आला आहे. तीन वर्षांची मर्यादा तीच. सक्तीबद्दलची अधिक रक्कम मात्र शेंकडा १०० झाली.

राष्ट्रीय महामार्ग ह्याहून वेगळ्या वाटेनें जातात. पुणें-सातारा-कोल्हापूर रस्ता असो कीं मिरजेवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर रस्ता असो, तेथें १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागतो. त्यांत अधिसूचनेनंतर पाहणीसाठीं प्रवेश, २१ दिवसांत हरकत, नंतर घोषणा; घोषणा झाली कीं जमीन केंद्र सरकारकडे निहित होते. मात्र ताबा रक्कम जमा झाल्यावरच, व ६० दिवसांच्या नोटिशीनें. रक्कम मान्य नसल्यास लवाद. केवळ वहिवाटीचा हक्क गेला तरी जमिनीच्या रकमेच्या शेंकडा १० मोबदला त्या कायद्यांत सांगितला आहे. शेजाऱ्याच्या बांधावरून जाण्यायेण्याचा जुना हक्क ज्या खरेदीखतांत लिहिलेला असेल, तें खत ह्या कामीं पुरावा होतें. ह्या कायद्यांत सक्तीबद्दलची अधिक रक्कम व व्याज नव्हतें; सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तो भेद घटनाविरुद्ध ठरविला. राज्याच्या महामार्गांस १९५५ चा मुंबई, आतां महाराष्ट्र, महामार्ग कायदा आहे.

न्यायालयांचे दोन निर्णय आपल्या विषयास विशेष लागू पडतात. हिमाचल प्रदेशांत १९६७-६८ मध्यें एका स्त्रीच्या जमिनीवरून संपादनाशिवायच रस्ता गेला होता. इतकीं वर्षें रस्ता चालू आहे म्हणून कब्जानें तो आमचा झाला, असें सरकारनें म्हटलें. जानेवारी २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें म्हणणें फेटाळलें आणि भरपाई द्यावयास लावली. रयतेविरुद्ध प्रतिकूल कब्जाचा आधार सरकारला घेतां येत नाहीं, असें सांगितलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें पुण्याच्या एका खासगी रस्त्याविषयीं त्याच न्यायालयानें, संपादन व मोबदला ह्यांवांचून तो महानगरपालिकेचा होऊं शकत नाहीं, असा निर्णय दिला. मे २०२४ मध्यें कलकत्त्याच्या एका प्रकरणांत तर अनुच्छेद ३००-अ च्या पोटीं नोटीस मिळणें, म्हणणें ऐकलें जाणें, कारणांसह निर्णय मिळणें इत्यादि सात हक्क न्यायालयानें मोजून सांगितले.

सांगली जिल्ह्यांत २०२४ व २०२५ सालीं नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गावरून जो विरोध झाला तो वाचकांस ठाऊक आहे. बारा जिल्ह्यांतून सुमारें ८०२ किलोमीटर असा तेव्हां तो आंखला होता. त्या विरोधाच्या इष्टानिष्टतेंत आम्ही शिरत नाहीं. परंतु शेतकऱ्यांनीं वाद मोजणीच्या वेळींच, बांधावरच उभा केला, हें पाहण्यासारखें आहे. निवाड्याच्या वेळीं फक्त आंकड्याचा वाद उरतो. मोजणीच्या वेळीं क्षेत्र, झाडें, विहीर, पाइपलाइन, पोटखराब सर्व कांहीं अजून बोलतां येतें. त्या दिवशींच्या पंचनाम्यांत जें लिहिलें गेलें नाहीं तें पुढें सिद्ध करण्यास फार कष्ट पडतात. धन्यानें पंचनामा वाचून, राहिलेलें लिहवून, मग सही करावी, आणि त्याची नकल त्याच दिवशीं मागावी. मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा किंवा १९६६ च्या कायद्याचें कलम १४३ ह्यांचा येथें उपयोग नाहीं. तीं शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील वाटेच्या वादांसाठीं आहेत. लोक घाईनें तेथेंच अर्ज देतात व महिने घालवितात.

आतां संग्राहक मंडळींस एक विनंति. राजवाड्यांना वाईस पानिपतचीं पत्रें सांपडून १८९८ सालीं त्यांचा पहिला खंड निघाला, वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं मिरजेस बसून पटवर्धनी दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड काढले, तेव्हांपासून ह्या दोन जिल्ह्यांतले कागद शोधण्याची हौस वाढली, हें उत्तम झालें. पण तिच्याबरोबर स्टँपकागदांची हौसहि वाढली. संस्थानी स्टँपला बाजारांत किंमत येते, मजकुराला येत नाहीं. म्हणून कागदाचा माथा कातरून घेतात व उरलेला गठ्ठा रद्दींत जातो. माथ्यावर बहुधा सन, तारीख, विक्रीचा क्रमांक व दरबारचें नांव असतें.

वर सांगितलेल्या गृहस्थांच्या दुसऱ्या रुमालांत असाच एक कागद निघाला. नुकसानीच्या पावतीच्या मागचा मूळ करार तो. मुरूम किती वर्षें काढावयाचा, खड्डा कोणी बुजवावयाचा, रस्ता पुढें रुंद करावा लागल्यास काय करावयाचें, हें सर्व त्यांत चांगल्या वळणदार मोडींत लिहिलेलें आहे. माथा मात्र नाहीं. कागद संस्थानी कीं इंग्रजी हें कळत नाहीं, त्यामुळें १८९४ चा कायदा लावावयाचा कीं दरबारचा हुकूम शोधावयाचा हेंहि ठरत नाहीं. पावतीची व कराराची प्रमाणित नकल त्या गृहस्थांनीं हरकतीस जोडून दिली आहे. कमी-जास्त पत्रकाचा शोध भूमि-अभिलेखांत चालू आहे. कराराचा कागद जाड व निळसर असून कातरीची रेघ उजवीकडे किंचित् उतरती गेली आहे, आणि डाव्या कडेस शाईचा वाटोळा डाग अर्धा कापला गेला आहे. डागाचा दुसरा अर्ध असलेला स्टँप कोणा वाचकाच्या वहींत चिकटविलेला असेल तर त्यांनीं तो आम्हांस दाखवावा. आम्ही तो मागत नाहीं. त्यावरील सन तेवढा उतरून घेऊं.